तुमची शाळा कोणती?

दोन मराठी माणसे परक्या मुलखात भेटली की पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा गावाचा आणि तिसरा शाळेचा, हा क्रम जवळजवळ ठरलेला आहे. पहिल्या दोन उत्तरांनी फारसे काही होत नाही. माणसे आपापल्या खुर्चीत सावरूनच बसलेली असतात. तिसरे उत्तर जुळले, की मात्र सगळा नूर पालटतो. "अहो, मग तुम्हांला भूमितीला कोण होते?" असे विचारीत एक गृहस्थ खुर्ची पुढे ओढतात, दुसरे हसत हसत त्या मास्तरांचे टोपणनाव सांगतात, आणि घरातली मंडळी चहाचे आधण पुन्हा एकदा ठेवतात, कारण आता पाहुणे तासभर हलणार नाहीत हे त्यांना कळलेले असते. शहरात वाडे गेले, चाळी गेल्या, कुळधर्म एका दिवसावर आले. पण हायस्कूल हे एक नवे गोत्र मात्र मध्यमवर्गाने गेल्या दीडदोनशे वर्षांत चांगले जतन केले आहे.

हे गोत्र पाहायचे असेल, तर वाचकहो, थंडीच्या दिवसांत आमच्या पोशीरच्या बाजूला या. नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव. एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला दूरवर सह्याद्रीची निळी रांग आणि मध्ये भाताची खाचरे. कर्जत-नेरळच्या या पट्ट्यात हल्ली शहरवाल्यांची फार्महाऊसे पुष्कळ झाली आहेत. दिवाळी सरली, की शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याहून बसगाड्या येऊ लागतात. गाडीच्या पुढच्या काचेवर कापडी फलक असतो : अमुक विद्यामंदिर, दहावी 'अ', अमुक साल. आतून पन्नाशीतली मंडळी उतरतात आणि उतरता क्षणी एकमेकांना अरे-तुरे करू लागतात. एरवी ज्यांना 'साहेब' म्हणून दहा माणसे उठून उभी राहतात, ते येथे 'बंड्या' असतात. संध्याकाळी प्रार्थना होते, हजेरी होते, एखादे म्हातारे गुरुजी गाडीतून आणलेले असतात त्यांच्या पाया पडणे होते. पाहणाऱ्यालाही बरे वाटते. पैसा, पद, पंथ यांच्या पलीकडे माणसाला एकत्र आणणारे आपल्याकडे फार थोडे उरले आहे. शाळा हे त्यांतले एक.

पण गोत्र म्हटले की मूळपुरुष आला आणि गोत्राबाहेरचे कोण, हाही प्रश्न आला. 'आमची शाळा' असे आपण छाती फुगवून म्हणतो, तेव्हा ती कोणाच्या पैशाने उभी राहिली आणि कोणाकोणाला तिच्या बाकावर बसायला मिळाले, एवढे तरी ठाऊक असावे. दिवाळीची सुट्टी आहे, फराळाचे ताट पुढे आहे. तेव्हा ही गोष्ट जरा निवांतपणे सांगतो.

आपल्याकडच्या शहरी हायस्कुलांची वंशावळ लिहायची, तर सुरुवात मुंबईच्या एल्फिन्स्टनपासून करावी लागते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्याच कारकिर्दीत पुढे 'मुंबई नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' म्हणून ओळखली गेलेली मंडळी जमली, पुस्तके छापू लागली, शाळा काढू लागली. १८२७ साली एल्फिन्स्टन विलायतेस जायला निघाला, तेव्हा मुंबईच्या शेटसावकारांनी, संस्थानिकांनी आणि सामान्य लोकांनी मिळून दोन लाखांहून अधिक रुपये वर्गणी जमविली. गव्हर्नराचा नुसता पुतळा उभारून ही मंडळी थांबली नाहीत. या पैशातून विद्या शिकविणारे प्राध्यापक आणावेत, असे ठरले. १८३५ साली ऑर्लेबार आणि हार्कनेस हे दोघे विलायतेहून आले. त्यांच्या हाताखाली काम करायला आपल्या कोकणातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर होतेच. वयाची पंचविशीही त्यांनी तेव्हा गाठली नव्हती, आणि १८३२ साली 'दर्पण' काढून मराठी वृत्तपत्राचा पाया ते घालून बसले होते.

या सोसायटीच्या शाळेत एक पारशी मुलगा शिकत होता. चार वर्षांचा असताना वडील वारलेले, घरी गरिबी, आई माणेकबाई काबाडकष्ट करून संसार ओढणारी. शाळेला त्या वेळी फी नव्हती म्हणूनच तो शिकला. हे दादाभाई नवरोजी. पुढे ते याच एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले, विलायतेच्या पार्लमेंटात निवडून गेले, देशाचे पितामह म्हणविले गेले. पण उतारवयात आपल्या आयुष्याचा हिशेब मांडताना त्यांनी शाळेच्या फीची गोष्ट सांगितली आहे : फी असती तर आईला ती देता आली नसती, आपले शिक्षण गोरगरिबांच्या पैशाने झाले, तेव्हा जे मिळाले ते त्यांच्याच कामी परत केले पाहिजे, हा विचार तरुणपणीच त्यांच्या मनात रुजला. शाळेचे ऋण ते हेडमास्तरांच्या वा इमारतीच्या नावे मांडत नाहीत. ते ज्यांनी कधी शाळा पाहिलीच नाही, अशांच्या नावे मांडतात. वाचकहो, येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते.

ऋण फेडायची संधी त्यांना लवकरच मिळाली. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी एक सभा स्थापन केली. निबंध वाचायचे, चर्चा करायच्या, असा तिचा प्रकार. पण नुसते निबंध वाचून या पोरांचे समाधान होईना. पुढच्याच वर्षी, १८४९ साली, त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या, काही मराठी मुलींसाठी, काही पारशी मुलींसाठी. शिक्षक कोण? हेच विद्यार्थी. पगार? काही नाही. आपला वर्ग भरण्याआधी सकाळच्या वेळी जाऊन मुलींना धुळाक्षरे शिकवायची आणि मग स्वतः वर्गात जाऊन बसायचे. जगन्नाथ शंकरशेट यांनी आपली जागा दिली. घरच्या वडीलधाऱ्यांचा रोष होता, शेजारपाजाऱ्यांचे टोमणे होते. पण शाळा चालल्या. आजकाल 'माजी विद्यार्थ्यांनी काय करावे' यावर भाषणे होतात. या मंडळींनी माजी होण्याचीसुद्धा वाट पाहिली नाही.

आता १८५६ साल पाहा. आमच्या पोशीरच्या बाजूला हे साल आगगाडीचे म्हणून महत्त्वाचे. मुंबईहून ठाण्याला १८५३ साली गेलेली गाडी कल्याण ओलांडून नेरळ, कर्जतवरून १८५६ च्या मे महिन्यात खोपोलीला येऊन थांबली. बोरघाट अजून फोडायचा होता. डोंगराखालच्या माणसाला मुंबई एका दिवसाच्या आत आली. याच साली एल्फिन्स्टनमध्ये कॉलेज आणि हायस्कूल अशी वाटणी होऊन हायस्कूल वेगळे नांदू लागले. याच सुमारास चौदा वर्षांचा महादेव गोविंद रानडे कोल्हापूरहून शिकायला मुंबईस आला. पुढे १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा झाली, तिला १३२ जण बसले आणि २२ जण उतरले. रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही त्यांतली दोन नावे. आपण जिला मॅट्रिक म्हणून ओळखले, तिचा हा जन्म. पुढे शंभर वर्षे मराठी घरात 'मॅट्रिक झाला का?' हा प्रश्न मुलाच्या मुंजीपेक्षा मोठा ठरला. १९४९ पासून तिची एस.एस.सी. झाली आणि १९७५ पासून अकरावीची दहावी झाली. धाकधूक मात्र होती तीच राहिली.

पण १८५६ साली आणखी एक गोष्ट घडली, आणि ती पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते. त्या साली जून महिन्यात धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. अर्ज एवढाच, की मी फी द्यायला तयार असूनही मला सरकारी शाळेत घेत नाहीत, तर घेण्याचा हुकूम व्हावा. सरकारने कागद पुढे-मागे केले आणि उत्तर दिले ते असे, की तत्त्व तुझ्या बाजूचे आहे खरे, पण तुला एकट्याला घेतले तर बाकीची मुले निघून जातील आणि शाळाच ओस पडेल. सबब सरकारला काही करता येत नाही. तत्त्व मान्य, प्रवेश अमान्य! प्रकरण वर कलकत्त्याला गेले, तेथून विलायतेला गेले. दोन वर्षांनी वरून निर्णय झाला, की सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या असल्या पाहिजेत. कागदावर दार उघडले. त्या मुलाचे नाव मात्र त्या दारातून आत गेले नाही. आगगाडी डोंगराच्या पायथ्याला आली, तिच्या डब्यात तिकीट काढील तो बसू लागला, आणि शाळेच्या बाकावर मात्र तिकिटाचे पैसे हातात घेऊनही बसता येईना, असे ते साल होते.

आता पैशाकडे वळू. सरकारी हायस्कूल चालते ते सारा भरणाऱ्याच्या पैशावर. १८८२ साली हंटर साहेबाच्या अध्यक्षतेखाली शिक्षणाची चौकशी करणारे कमिशन बसले. त्याच्यापुढे पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी आपले निवेदन ठेवले. त्यांचा रोख स्वच्छ होता. सरकारी तिजोरीत पैसा येतो तो शेतकऱ्याच्या घामाचा. आणि शिक्षणावर खर्च होतो तो मात्र वरच्या वर्गाच्या मुलांच्या उच्च शिक्षणावर. वरच्यांना शिकवा म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, हे जे सरकारचे गणित, ते चुकले आहे; तेव्हा निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे त्यांनी मागितले. गंमत अशी, की याच कमिशनपुढे दादाभाईंनीही सर्व मुलांना मोफत शिक्षण द्यावे अशीच मागणी केली. एक जण हायस्कुलाच्या आत वाढलेला, दुसरा बाहेर उभा राहून जाब विचारणारा. आणि दोघांच्या हिशेबाची बेरीज एकच आली.

झिरपणे म्हणजे काय, हे आम्हा डोंगराखालच्या लोकांना चांगले ठाऊक आहे. माथेरानवर पाऊस किती पडतो! तरी चैत्र-वैशाखात डोंगराखालच्या वाड्यांवर बाया हंडे घेऊन वणवण करतात. पाणी आपोआप झिरपत नाही, ते अडवून पाट काढून आणावे लागते. जोतीरावांचे म्हणणे यापेक्षा वेगळे नव्हते.

या सगळ्याचा कळस पाहायचा तर साताऱ्याला जायला हवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलाच्या इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव घातले गेले. रजिस्टरात क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. हे हायस्कूल आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखले जाते, ते रजिस्टरही जपून ठेवलेले आहे, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तारीख बहुधा दिवाळीच्या मागेपुढे येते आणि फराळाच्या गडबडीत आपल्या लक्षात राहत नाही, म्हणून मुद्दाम आठवण करून देतो.

नाव रजिस्टरात आले म्हणजे मुलगा शाळेत आला, असे आपण समजतो. साताऱ्याच्या दिवसांविषयी बाबासाहेबांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. वर्गात इतरांत बसायची मुभा नाही. कोपऱ्यात बसायचे, तेही घरून आणलेल्या गोणपाटावर. ते गोणपाट शाळेचा झाडूवालाही हाताळीत नसे, म्हणून संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर नळ उघडायला शिपाई हवा. शिपाई नसला तर पाणी नाही. त्यानंतर रामजी सुभेदार बिऱ्हाड घेऊन मुंबईत परळला आले. डबक चाळीतली एक खोली. तीत सगळा संसार, भांडीकुंडी, पाहुणेरावळे आणि मुलाचा अभ्यास. वडील रात्री दोनला मुलाला उठवीत आणि तोवर स्वतः जागत. मुलगा आता एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला होता. इलाख्यातले नावाजलेले सरकारी हायस्कूल! तेथे एके दिवशी मास्तरांनी त्याला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले. फळ्याच्या मागे मुलांचे डबे ठेवलेले असत. हा फळ्याकडे निघाला मात्र, वर्गात एकच कल्ला झाला आणि मुलांनी धावत जाऊन आपापले डबे दूर सारले. संस्कृत शिकायची फार इच्छा होती, तर ते दार बंद. फारसी घ्यावी लागली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, ७५० पैकी २८२ गुण. आजच्या नव्वद टक्क्यांच्या बाजारात या गुणांकडे कोणी वळूनही पाहणार नाही. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातला मुलगा मॅट्रिक झाला, ही गोष्ट त्या काळी एवढी मोठी होती, की सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली.

या सभेत कृष्णराव अर्जुन केळूसकर हे शिक्षक आणि लेखक हजर होते. हे काही त्या मुलाच्या वर्गाचे मास्तर नव्हते. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी एक मुलगा पुस्तकात डोके खुपसून बसलेला असतो, एवढे त्यांनी पाहिले होते. जवळ जाऊन विचारपूस केली, पुस्तके देऊ लागले, आणि सत्काराच्या सभेत आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवले. पुढे इंटर झाल्यावर पैशाची ओढ लागली, तेव्हा त्याला सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले ते केळूसकरच. महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ साली तो बी.ए. झाला. त्या पुस्तकाचा प्रवास पुढे कोठवर झाला, ते मी सांगायला नको.

वाचकहो, या गोष्टीत शाळेचे दोन्ही चेहरे आहेत. त्याच इमारतीत विद्येचे दार उघडले आणि त्याच इमारतीत डबे बाजूला सारले गेले. आपल्या शाळेचा अभिमान बाळगायचा, तर तो या दोन्ही गोष्टी ठाऊक असून बाळगावा. नुसत्या गुणवंतांच्या फलकावरची सोनेरी अक्षरे वाचून बाळगलेला अभिमान फार टिकाऊ नसतो.

सरकारी हायस्कुले जेथे पोचली नाहीत, तेथे लोकांनी स्वतःची काढली. पुण्यात १८८० च्या आरंभी विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. विष्णुशास्त्र्यांनी त्यासाठी सरकारी नोकरी सोडली, आगरकर पाठोपाठ येऊन मिळाले. गोपाळ कृष्ण गोखले हे त्याच शाळेत शिकवू लागले. फुले-दादाभाईंनी मागितलेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण कायद्यात यावे म्हणून १९११ साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात विधेयक मांडले, ते याच गोखले मास्तरांनी. ते फेटाळले गेले. मुंबईची वस्ती गिरगावातून दादरकडे आणि दादरहून पार्ल्याकडे सरकली, तशी प्रत्येक नव्या वस्तीने आधी शाळा उभी केली. पार्ल्याचे टिळक विद्यालय १९२१ चे. तिकडे भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल काढून गरिबाच्या मुलाला फीवाचून हायस्कूल खुले केले. स्वराज्य आले, महाराष्ट्र झाला, आणि यशवंतरावांच्या कारकिर्दीत 'ई.बी.सी.' हे तीन अक्षरी मंत्र घरोघर पोचले. ज्यांचे वार्षिक उत्पन्न बाराशेच्या आत त्यांना फी माफ! आज पंच्याहत्तरी ओलांडलेल्या किती मोठमोठ्या डॉक्टर-इंजिनियरांनी तो फॉर्म भरला होता, हे तुमच्या घरच्या आजोबांना विचारून पाहा.

आमच्या तालुक्यातही असा एक माणूस होऊन गेला. माथेरानला एका नाभिकाच्या घरी १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल शिकून वकील झाले. वकिली करून सुखाने बंगला बांधता आला असता. त्याऐवजी ते डोंगराखालच्या शेतकऱ्यांत आणि आदिवासींत मिसळले, त्यांची सावकारी नाडणूक थांबावी म्हणून झटले, बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत झाले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह हुतात्मा झाले. भाई कोतवालांच्या शिक्षणाचे व्याज या मुलखाला असे मिळाले.

आता आजचे पाहू. तुम्ही म्हणाल, ते सगळे झाले. आज तर शाळा सर्वांना खुल्या आहेत. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण हा आता हक्क आहे. शंभर वर्षे उशिराने का होईना, फुले-दादाभाईंचा अर्ज मंजूर झाला. खरे आहे. पण कायद्याचे शब्द जरा मोजून पाहा. चौदा वर्षे, म्हणजे आठवी. हायस्कुलाचा खरा जिना चढायचा तो नववी-दहावीचा, आणि नेमका त्या पायरीपाशी हा हक्क संपतो.

हा कायदा पुस्तकातून उठून प्रत्यक्षात कसा दिसतो, ते आमच्या बाजूला दिवाळीनंतर कळते. शहरातल्या शाळांच्या स्नेहसंमेलनाच्या बसगाड्या ज्या दिवसांत येतात, त्याच दिवसांत येथल्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. भाताची कापणी संपली, हाताला काम नाही. वीटभट्टीच्या मालकाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली. ती फेडायला कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर जातात : भांडी, कोंबड्या, म्हातारी आणि पोरे यांसकट. चिखल तुडवायचा, विटा थापायच्या, वाळल्या की उलटायच्या. त्यात लहान हातांनाही काम असते. पाऊस पडायच्या बेताला ती माणसे परत येतात. शाळेचे वर्ष मधल्या मध्ये संपलेले असते. दोन-तीन वर्षे असे झाले, की नाव रजिस्टरात राहते आणि मूल मात्र शाळेबाहेर पडते. दुरून येणाऱ्या गाड्या आणि दूर जाणारे टेंपो आमच्या रस्त्यावर एकमेकांना ओलांडून जातात. दोघांनाही दुसऱ्याचा पत्ता नसतो.

सरकार काही करीत नाही, असे मी म्हणणार नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शाळेने शिक्षण हमी पत्रक द्यायचे, ते दाखविले की जेथे जाईल तेथल्या शाळेत त्याला बसवून घ्यायचे, अशी व्यवस्था आहे. दाखला यायला उशीर झाला, या कारणावरून आठवीपर्यंत कोणालाही प्रवेश नाकारता येत नाही, असा कायदा आहे. मुले गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, तालुक्यात आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा आहेत, मुलींना शाळेसाठी एस.टी.चा प्रवास मोफत आहे. योजना वाईट नाहीत. पण पत्रक देण्याआधी कोणीतरी वाडीवर जाऊन 'उद्या कोण निघणार?' हे विचारायला हवे. भट्टीजवळच्या शाळेत मूल गेले की नाही, हे पाहायला हवे. आणि आठवी झालेल्या मुलीला नववीच्या वर्गात नेऊन बसवायला हवे. केळूसकरांनी बागेत केले ते हेच. योजना मुलाला ओळखत नाही, माणूस ओळखतो.

येथेच मला शहरातल्या माझ्या वाचकांशी दोन शब्द बोलायचे आहेत. तुमच्या स्नेहसंमेलनांत शाळेला भेट द्यायची वर्गणी निघते, हे मी जाणतो. कोठे फळे बदलतात, कोठे पंखे लागतात, कोठे प्रवेशद्वारावर बॅचचे नाव कोरले जाते. चांगलेच आहे. पण थोडे मोकळेपणाने विचारतो, राग मानू नये : ज्या शाळेच्या आठवणींनी तुमचा गळा दाटून येतो, तिच्या वर्गात आज तुमच्या घरातले कोणी आहे का? मुंबईतल्या कितीतरी मराठी शाळांचे वर्ग विरळ झाले. मुलांना कोणत्या माध्यमात घालावे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, त्यात मी बोट घालणार नाही. पण मुलांची बाके रिकामी आणि माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरगच्च, हा देखावा पाहून वाईट वाटल्याखेरीज राहत नाही. आपण शाळेवर प्रेम करतो की आपल्या बालपणावर, हा प्रश्न त्या वेळी मनात येतो.

आणि त्या विरळ वर्गांत आज जी मुले उरली आहेत ती कोणाची, तेही एकदा शाळेत जाऊन पाहा. स्वयंपाकाला येणाऱ्या बाईची मुलगी, वॉचमनचा मुलगा, बांधकामावरच्या मजुराची पोरे. म्हणजे दादाभाई ज्यांच्या नावे आपले ऋण मांडून गेले, नेमकी तीच मुले आता तुमच्या बाकांवर येऊन बसली आहेत. शाळेचे नशीब फुटले, असे कोणी म्हणत असेल तर म्हणो. मला तर वाटते, ही शाळा आता कोठे खरी सार्वजनिक झाली. नेमक्या याच वेळी तिच्या जुन्या गोत्राने पाठ फिरवू नये.

करायचे काय, हे सांगितल्यावाचून सल्ला पुरा होत नाही. एका बॅचने एकाच वर्गाला धरावे. आठवीच्या वर्गात नावे किती आणि दोन वर्षांनी दहावीला बसली किती, एवढे दोनच आकडे हेडमास्तरांकडून दर वर्षी मागावेत. मधली नावे कोठे गेली, हे चौकशी करून शोधावे. कोणाला क्लासची फी कमी पडते, कोणाला बसची वेळ जमत नाही, कोणाच्या घरी लग्न ठरले आहे, कोणाला नुसते 'तुला जमेल' म्हणणारे माणूस हवे आहे. हे पंख्यापेक्षा स्वस्त आणि कष्टाचे काम आहे. आणि स्नेहसंमेलनाला आमच्या बाजूला याल, तेव्हा ज्या घरात तुम्ही उतरता तेथे पिठले-भाकरी करायला, ताटे उचलायला आसपासच्या वाडीवरची माणसे असतात. निघण्याआधी त्यांना एवढेच विचारा, "बाई, तुमची पोरे कितवीत आहेत? शाळा कोणती?" हा प्रश्न आपण आपल्या बरोबरीच्यांनाच विचारीत आलो.

उत्तर कधी कधी अवघड मिळेल. "जायची, आता नाय जात," असे मिळेल. मग पुढचा प्रश्न विचारायचा, की कितवीपासून नाही आणि का. त्या मुलीचे नाव कोठल्या तरी शाळेच्या रजिस्टरात अजून असेल. साताऱ्याच्या रजिस्टरातला एक क्रमांक आपण आज कौतुकाने दाखवितो. त्या पानावर त्याच्या वर आणि खाली इतरही नावे आहेतच. कोणाचे नाव पुढे जाणार आणि कोणाचे मागे राहणार, हे नाव लिहिणाऱ्या कारकुनाला त्या दिवशी कळलेले नव्हते. आपल्यालाही कळत नाही, म्हणूनच एकही नाव गळू देता कामा नये.

वाचकहो, ही दिवाळी तुम्हांला आणि तुमच्या मुलाबाळांना सुखाची जावो. सुट्टी संपून शाळा उघडेल, त्या दिवशी कोणी परत आले नाही, तेवढे मात्र पाहून ठेवा.